गप्प बसला तो टोळीत

आमच्या टोळीत तीन वर्षांत एकही माणूस मेला नाही. टोळीची वैद्य मी होते, त्यामुळे हे मी फुशारकीनं सांगू शकते, आणि बरेच दिवस सांगतही होते. पुढे एका महिन्यात ती टोळी संपली. तेव्हाही वैद्य मीच होते. हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

टोळी म्हणजे खरीखुरी नव्हे. पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचा तो एक खेळ होता. एकजण गोष्ट रचतो आणि पुढे नेतो. बाकीचे चौघं त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात. कुणाकडे ढाल असते, कुणाकडे जादू, कुणाला कुलपं उघडता येतात, कुणाला जखमा बऱ्या करता येतात. समोर राक्षस आला किंवा पूल तुटला की आपलं पात्र काय करणार ते बोलून दाखवायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा चांगला पडला तर जमलं, नाहीतर फसलं. आपसात लढायचं नाही, कुणी पहिला येत नाही. चौघं मिळून वाचतात नाहीतर चौघं मिळून मरतात. एकट्याच्या हुशारीला त्यात काडीची किंमत नसते, आणि मला वाटतं आम्हाला तेच आवडलं होतं. दिवसभर कंपनीत आम्ही दुसरं करतच काय होतो, आपापली हुशारी सांभाळण्याशिवाय?

हा खेळ दौंडात आणला मास्तरनं. पुण्याला कॉलेजच्या हॉस्टेलवर तो शिकला आणि परत येऊन एका कंप्युटर क्लासमध्ये शिकवायला लागला. खेळायला माणसं मिळेनात तेव्हा त्यानं आपल्या शाळूसोबत्याला धरलं. तो कुरकुंभला आमच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. इलेक्ट्रिशियननं स्टोअरमधल्या एकाला आणलं आणि स्टोअरवाल्यानं प्लँटवरच्या एका कंत्राटी ऑपरेटरला. चौथं कुणी सापडेना. कंपनीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसून तिघं कुजबुजत होते, "लॅबवाल्या मॅडमला इचारावं का?" मी म्हटलं, विचारा की, मला ऐकू येतंय.

मी तिथे क्वालिटीत केमिस्ट होते. अजूनही आहे. राहते कासुर्डीला, सासरी. शेवंती आणि झेंडू पिकवणारं घर आहे, दसरा-दिवाळीला तर घरातल्या माणसांच्या आधी फुलांना जागा मिळते. रविवारी यवतहून पॅसेंजर पकडून मी दौंडला जायचे, ते घरी कंप्युटरचा कोर्स म्हणून सांगून. काय सांगणार? तीन परक्या बाप्यांबरोबर आणि एका मास्तरबरोबर फासे टाकायला जाते? कोर्सला दीड वर्ष झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आगं, ह्यो कोर्स हाय का डाक्टरकी?" मला हसू आवरेना. वैद्यकीच चालली होती एका अर्थी.

वैद्य मी का, हेही सांगून टाकते. पात्रं वाटताना मास्तरनं चार कागद पुढे केले आणि बाकीच्या तिघांनी आपापले उचलले. इलेक्ट्रिशियननं जादूगार घेतला, स्टोअरवाल्यानं चोर घेतला, ऑपरेटरनं ढालकरी. माझ्यापुढे वैद्याचा कागद राहिला. बाई आहे ना, मग तिनं मलमपट्टी करायची. मला तलवार हवी होती. पहिले दोन महिने मी रागारागानं औषधं वाटत होते, आणि एकदा तर जादूगाराला मुद्दाम थोडा रक्तबंबाळ राहू दिला. मग हळूहळू लक्षात आलं की सगळ्यांचा जीव माझ्या मुठीत असतो. ते बाईमाणसाच्या वाट्याला क्वचित येतं. मग मला वैद्य आवडायला लागली.

खेळायची जागा म्हणजे मास्तरच्या आईची पिठाची गिरणी. वरच्या माडीवर आम्ही, खाली गिरणी. रविवारी दळणाची गर्दी असायची, पट्टा सुरू झाला की माडीची फरशी थरथरायची आणि फासा टाकल्यावर थांबतच नसे. कागदांवर, केसांवर, चहाच्या कपात पीठ. दळणाचे डबे घेऊन आलेली माणसं जिन्यात बसून ऐकायची. एका आप्पांनी मास्तरच्या आईला विचारलं, "वर जुगार चालतूय व्हय?" त्या माउलीनं न डगमगता सांगितलं, "न्हाई आप्पा, अभ्यास करत्यात."

अभ्यास म्हणाल तर खरंच होता. चार माणसांनी एका जिवानं कसं वागायचं याचा. मास्तरच्या गोष्टीतला मुलूख ओळखीचाच होता. नदी भीमेसारखीच होती, फक्त तिच्या डोहात सातमुंडी काहीतरी राहायचं. एकदा आम्ही एका जुन्या बारवेत उतरलो आणि वरचा दगड सरकायला लागला. ढालकऱ्यानं तो खांद्यावर घेतला. खाली चोर कुलूप उघडत होता, त्याचा फासा काही केल्या पडेना. जादूगारानं आपली सगळी जादू उजेड धरण्यात घालवली, एक ठिणगीसुद्धा स्वतःसाठी ठेवली नाही. दर फेरीला ढालकऱ्याचा जीव दगडाखाली कमी व्हायचा आणि दर फेरीला मी माझ्याजवळची एक मात्रा त्याला द्यायचे. शेवटची मात्रा संपली. त्याच फेरीला कुलूप उघडलं. आम्ही सगळे ओरडलो. जिन्यातून एका आजीचा आवाज आला, "वाचला का गं त्यो दगडाखालचा?" मी म्हटलं, वाचला आजी. "बरं झालं बाई," म्हणून ती आपलं बाजरीचं पीठ घेऊन गेली.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून उगाच रडले. आनंदानंच. मला इतकं मनापासून कुणासाठी काही खर्ची घातल्याचं आठवत नव्हतं, आणि ज्या दगडापायी घातलं तो तर खरा नव्हताच.

ढालकरी मूळचा शिरूर तालुक्यातला, तळेगाव ढमढेऱ्याच्या पलीकडच्या वस्तीवरचा. माझं माहेर तळेगावचं, म्हणून माझ्याशी थोडा मोकळा बोलायचा. त्याचा आजा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचा. बापानं विहीर पाडली, मेंढरं विकली आणि मेथी-कोथिंबीर लावली. हा शिकून कंपनीत लागला, पण कंत्राटदाराकडे. बोलायला कमी, कष्टाला वाघ. कंपनीत मला मॅडम म्हणायचा, माडीवर वैद्यबाई. खेळतानाही पाऊल टाकायच्या आधी मागे वळून बघायचा, सगळे आहेत ना म्हणून.

आमचा नियम त्यानंच आणला. गिरणीच्या आवाजात मास्तरला प्रत्येकाला ओरडून विचारावं लागे: गुहेत जायचं का, तू येतोस का, तू येतेस का? घसा बसायचा त्याचा. एका रविवारी ढालकरी म्हणाला, "आवो मास्तर, एवढं कशापायी वरडता? आमचा आजा मेंढरांचा वाडा हलवायचा तवा एकदाच इचारायचा. उद्या निघायचं का? आन् पाच बोटं मोजायचा. न्हाई म्हणायचं आसंल त्यानं पाचाच्या आत म्हणायचं. मंग बसून बोलायचं. कुणी काय बोललं न्हाई म्हंजी ठरलं, सकाळी घोड्यावर बिऱ्हाड चढायचं. गप्प बसला त्यो टोळीत."

तेव्हापासून तोच कायदा झाला. कुणीतरी बेत मांडायचा, ढालकरी अंगठ्यानं बोटं मोजायचा. पाच झाली की ठरलं. नंतर कुणी "मी कुठं व्हय म्हटलं होतं" असं म्हणायचं नाही. तीन वर्षांत कुणी म्हटलंही नाही. चोर एकदा मनात नसताना गप्प बसला आणि सापांच्या खड्ड्यात सगळ्यांच्या आधी उतरला. कुरकुर केली ती फक्त चहा पिताना.

कंपनीतलं दुखणं ह्याच काळातलं. एका सेक्शनमध्ये सॉल्व्हंटचा वास मारायचा. पंपाचं सील गेलं होतं, थोडं थोडं गळायचं. तिथे काम करणाऱ्यांना मास्क असतात आणि मास्कला वास शोषून घेणारं एक डबडं लावतात. ते ठरल्या मुदतीत बदलायचं असतं. बदलत नव्हते. ढालकरी तिथेच होता. आधी डोकं दुखायचं, मग सकाळी उठल्यावर कोरड्या ओकाऱ्या. फासा टाकताना त्याचा हात कापायला लागला तेव्हा आम्ही चेष्टा केली, ढालकरी राक्षसाला घाबरला म्हणून.

मग एकेक कळत गेलं. तिथली हवा मोजायला मीच जायचे. आकडा जास्त आला की वरून सांगायचे, "मॅडम, परत घ्या जरा, दारं उघडून घ्या." दारं उघडून घेतलेला आकडा रजिस्टरला जायचा, आधीचा माझ्या वहीत राहायचा. हे मी स्वतः माडीवर सांगितलं होतं, चहा पिता पिता, वरच्यांना शिव्या घालत. चोर स्टोअरमध्ये, त्याला माहीत होतं की सहा महिन्यांत डबड्यांची एकही पेटी आलेली नाही. जादूगाराला माहीत होतं की तिथला एक्झॉस्ट फॅन जळालेला आहे, कारण तो उतरवून त्यानंच ठेवला होता. प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता.

एका रविवारी दौंडात वीज नव्हती. गिरणी बंद. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की गिरणीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नसेल. माडी इतकी शांत होती की स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

खेळ रंगात होता. आम्ही एका किल्ल्यात शिरत होतो. तिघं आत पळत होतो आणि ढालकरी दारात ढाल रोवून एकटा उभा होता. तिथेच त्यानं फासा खाली ठेवला आणि म्हणाला, "एक बेत हाय. खेळातला न्हाई."

उद्या अर्ज देणार होता. कंपनीच्या साहेबांना आणि एक प्रत कारखाने तपासणाऱ्यांना. कागद काढून त्यानं वाचून दाखवला. त्यात आमच्या प्रत्येकाचं काम वाटलेलं होतं, अगदी टोळीत असतं तसं. हवेच्या आकड्यांबद्दल माहिती या मॅडमना आहे. डबड्यांबद्दल स्टोअरच्या यांना. फॅनबद्दल इलेक्ट्रिशियनना. म्होरक्या तो. पहिला दगड त्याच्या खांद्यावर.

"म्या एकट्यानं दिला तर कंत्राटी म्हणून फेकून देतील," तो म्हणाला. "चौघांचं आलं तर इचार करावा लागंल. तुमचं नाव घालतोय. निघायचं का?"

आणि अंगठा बोटांवर ठेवला.

चोर चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकला. जादूगार खिडकीतून बघत होता. मी पेरू कापत होते. घरून डबाभर पेरू आणले होते, त्यातला एक हातात होता, आणि मी त्याच्या इतक्या बारीक फोडी केल्या की खाण्याजोग्या राहिल्या नाहीत. मला बोटं दिसत होती. एक. दोन. मनात सरळ शब्द होते: माझं नाव नका घालू. एवढंच म्हणायचं होतं. मला शिफ्टमधून काढून जनरलला घेण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. नऊ ते साडेपाच. मुलगी दुसरीत होती, तिला शाळेतून आणायला मी मिळणार होते. तीन. चार. नाही म्हणाले असते तर तो बसून बोलला असता, आजासारखा. रागावलाही नसता. पण नाही म्हणायला लाज वाटली. तीन वर्षं जिच्या मात्रांवर टोळी जगली ती वैद्य नाही कशी म्हणणार? तोंडानं वाईट दिसायचं नव्हतं आणि नावानं अडकायचं नव्हतं. म्हणून मूग गिळून बसले.

पाच झाली. "ठरलं," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की उठून सगळ्यांना स्वतःच चहा ओतायला लागला.

मास्तर माझ्याकडे बघत होता. त्याला काहीतरी समजलं असावं. पण मास्तर खेळाबाहेरचं बोलत नसे, तो त्याचा नियम.

मंगळवारी केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. साहेब आवाज न चढवणारे, पुण्याहून येऊन-जाऊन करणारे. समोर अर्ज होता, त्यावर सही एकट्या ढालकऱ्याची.

"मॅडम, यात तुमचं नाव आहे. तुम्ही यांना काही रीडिंग्ज दिलीत?"

"नाही सर."

"तुमचं नाव घालण्याआधी तुम्हाला विचारलं होतं?"

आता इथे एक गोष्ट मला कबूल करायला हवी. आकड्यांबद्दल मी खोटं बोलले ते भीतीनं. ते कुणीही बोललं असतं असं मी म्हणू शकते. पण ह्या दुसऱ्या प्रश्नाला मी थोडा वेळ घेतला. मनातल्या मनात शब्द जुळवले. विचारलं होतं, पण मी हो म्हटलं नव्हतं. शब्दशः खरं. आणि तेवढंही मी बोलले नाही, कारण मग ते विचारणार, कुठे विचारलं, कधी, तुम्ही सगळे रविवारी जमून काय करता?

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे तुमच्या परस्पर नाव घातलं."

मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिले. त्यांनी पाच वगैरे काही मोजलं नाही. लगेच लिहून घेतलं.

इतर दोघांनीही हात वर केले. चोर म्हणाला, रजिस्टर माझ्या ताब्यात नसतं. जादूगार म्हणाला, त्या फॅनचं मला काही माहीत नाही. संध्याकाळच्या बसमध्ये आम्ही तिघं तीन सीटवर बसलो. कुणी कुणाला विचारलं नाही, पण प्रत्येकाला दुसऱ्याचं उत्तर ठाऊक होतं. इतकी वर्षं एकमेकांची पुढची चाल ओळखायला शिकलो होतो, ती विद्या वाया गेली नाही.

गुरुवारी कंत्राटदारानं ढालकऱ्याचा गेटपास काढून घेतला. कारण लेखी होतं: सहकाऱ्यांची नावं त्यांच्या संमतीशिवाय वापरून खोटा अर्ज केला. लॅबच्या खिडकीतून गेट दिसतं. तो डबा आणि हेल्मेटची पिशवी घेऊन उभा होता. त्यानं लॅबकडे बघितलं का ते मला माहीत नाही, कारण मी मागे सरकले होते.

पुढच्या आठवड्यात मास्कच्या नव्या डबड्यांच्या चार पेट्या आल्या. पंपाचं सील बदललं. फॅन बसवायला जादूगारालाच पाठवलं. अर्ज खोटा ठरला आणि त्यातलं सगळं खरं होऊन गेलं. महिन्याअखेरीला माझं जनरल शिफ्टचं पत्रही आलं. साहेब म्हणाले, "तुमच्यासारखी समंजस माणसं हवीत." मी थँक यू सर म्हटलं. हेही लिहून ठेवते.

आणि निर्लज्जपणाची कमाल म्हणजे आम्ही रविवारी खेळायला गेलो. तिघंही. कुणी आलं नसतं तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. ढालकरी आला नाही. मास्तरनं त्याचा कागद चौथ्या खुर्चीपुढे ठेवला आणि म्हणाला, "तो दारात उभा आहे. त्याच्या वतीनं मी फासा टाकणार नाही. तुम्ही आत पळालात. पुढे सांगा."

पुढे काय, सगळी वाताहत. पहिल्याच खोलीत चोरानं सापडलेली जडीबुटी दाखवली नाही, पिशवीत ठेवली. जादूगारानं उजेड करायला नकार दिला, म्हणाला जादू पुढं लागंल. कुणाचंही पात्र दुसऱ्याच्या पुढे चालायला तयार नव्हतं. पाच बोटं मोजायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे मास्तर पुन्हा एकेकाला ओरडून विचारायचा आणि आम्ही तोलून मापून उत्तरं द्यायचो, वकिलासमोर बसल्यासारखी. तिसऱ्या रविवारी जादूगार जखमी होऊन पडला. माझ्याजवळ एक मात्रा होती. मास्तर म्हणाला, वैद्यबाई, देता का? मी म्हटलं, "एकच आहे. मला लागेल."

जादूगार मेला. तीन वर्षांतला पहिला. इलेक्ट्रिशियननं आपला कागद शांतपणे चार घड्या घालून खिशात टाकला आणि जिना उतरला. त्याच्या पुढच्या रविवारी चोर सापळ्यात गेला. शेवटी मी एकटी, एक मात्रा घेऊन. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ती मात्रा मी स्वतःला दिली, तरी फासा पडला नाही. मास्तरनं फासे डबीत भरले आणि खाली आईच्या मदतीला गेला. दोघांच्याही तोंडून "पुढच्या रविवारी" हा शब्द निघाला नाही. घरी कोर्स संपल्याचं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "सर्टिफिकेट दाव की."

त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी मी माहेरी तळेगावला गेले होते. बाजाराचा दिवस होता. आईनं मेथी आणायला पाठवलं. मुलगी बरोबर होती. जुड्या रचून ठेवलेल्या एका ताडपत्रीपुढे मी वाकले, एक जुडी उचलली, आणि मग वर बघितलं.

ढालकरी बारीक झाला होता, पण चेहरा ताजा होता. उघड्या हवेतला. हात कापत नव्हता, ते मी आधी बघितलं.

"या मॅडम," तो म्हणाला. "ही पोरगी व्हय? कितवीला हाय?"

वैद्यबाई म्हणाला नाही. मी सांगितलं, तिसरीत गेली. त्यानं तिला एक गाजर दिलं. मग इकडचं तिकडचं काही न बोलता विचारलं, "टोळी कुठवर गेली?"

"बंद पडली."

"कोण मेलं?"

"सगळे."

त्यानं एक जुडी उचलून पुन्हा रचली. "आन् मी?"

"तुमचा कागद मास्तरकडे आहे. तुम्ही दारातच उभे आहात."

तो हसला. मनापासून हसला, त्यात टोमणा नव्हता, आणि मला वाटलं टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यानं मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्या खाल्ल्या असत्या तर निदान काहीतरी फिटलं असतं.

मग तो ताडपत्रीच्या अलीकडे येऊन उकिडवा बसला आणि त्यानं आवाज उतरवला. "एक काम हाय तुमच्याकडं. कामगार ऑफिसात तारीख लागलीया. मला परत घ्या, आसं म्या म्हणत न्हाई. कागदावर खोटी नावं घातली म्हणून शेरा मारलाय ना, तेवढा खोडा म्हणतोय. त्या शेऱ्यापायी कुरकुंभात कुणी गेटच्या आत घेईना. शिरूरकडं पण इचारून बघितलं. फोन करून चौकशी करत्यात आन् न्हाई म्हणत्यात."

मी म्हटलं, मी काय करणार त्यात.

"आकड्यांचं काय बोलू नका. तुमच्या नोकरीला धक्का लागंल आसं कायबी बोलू नका. फकस्त एवढंच सांगा मॅडम, की ह्यानं आमाला इचारलं हुतं. आन् आमच्यात तसा रिवाज हुता, गप्प बसला त्यो टोळीत. म्या लबाडी न्हाई केली. माझी चूक झाली आसंल, पर लबाडी न्हाई." त्यानं ताडपत्रीचा कोपरा सरळ केला. "घरी आबा इचारत्यात, लोकांची नावं तू कशी काय घातली? म्या रिवाज सांगितला. ते आज्याचंच पोरगं हाय, त्यांना लगेच कळला. पर ते म्हणत्यात, मंग ती माणसं इचारलंच न्हाई आसं कशी म्हणाली? त्यांना काय सांगू?"

मुलगी गाजर खात आमच्याकडे बघत होती.

"याल का मॅडम? एकच तारीख."

ऑफिसातल्या टेबलापुढे मी उभी आहे असं मला दिसलं. कुठला रिवाज, बाई? कुठे जमायचात? गिरणीच्या माडीवर. काय करायला? फासे टाकायला. साहेब पलीकडे बसलेले. मग हे सगळं कासुर्डीला पोचणार. जनरल शिफ्ट. साडेपाचची बस. एवढं सगळं एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक वाक्य, जे खरं होतं आणि जे बोलायला मला श्वाससुद्धा धरावा लागला नसता.

मी मेथीची जुडी उलटी करून मुळं बघायला लागले. मुळांना ओली माती होती. ती मी नखानं काढत राहिले.

त्याचा हात ताडपत्रीवर टेकलेला होता. अंगठा करंगळीवर गेला. तो मुद्दाम करत नव्हता, सवयीनं झालं असावं. मग पुढच्या बोटावर. मला वर बघायची गरज नव्हती, मी ते तीन वर्षं बघितलं होतं. तिसरं. चौथं. जीप भरत होती, ड्रायव्हर शिरूर शिरूर ओरडत होता.

पाच झाली. मी गप्पच होते.

त्यानं माझ्या हातातली जुडी घेतली, माती झटकली आणि पिशवीत घातली. ह्या खेपेला त्यानं ते होय धरलं नाही.